बासष्ट सेकंद

अकरा दिवसांनी मोबाइल थरथरला. चालान.
गाडी माझी, नंबर माझा, सकाळचे सहा बावीस,
वेग सत्तेचाळीस, मर्यादा वीस.
हजार रुपये.

वैजयंती म्हणाली, भरून टाका नि विसरा.
मी म्हणालो, कसले वीस?
राजेंद्रनगर ते भंवरकुवा, एकोणीस वर्षं जातोय मी या रस्त्यानं.
इथं वीसनं फक्त वरात जाते.

पाटी? हो, पाटी होती.
पत्र्याची, एका पायावर कललेली, वाळूच्या गोणीला टेकून.
वर 'अस्थायी' लिहिलेलं,
आणि दोन पावसाळे तिनं तिथंच काढलेले.
'कार्य प्रगति पर है' असं ती म्हणायची
आणि प्रगती मागच्या खड्ड्यात
हिरवं पाणी धरून बसलेली.
डिसेंबर. अंधार धड सरलेला नाही.
जेसीबी मान टाकून झोपलेला, माणूस एक नाही.
मी हळू जायचं ते कुणासाठी?
धुक्यासाठी?

गणिताचा मास्तर मी. दूधवाल्याच्या बिलामागं हिशोब मांडला.
काम सुरू ते काम समाप्त, सहाशे मीटर.
वीसनं एकशे आठ सेकंद.
सत्तेचाळीसनं सेहेचाळीस.
वाचले बासष्ट.
म्हणजे सेकंदाला सोळा रुपये पडले;
एवढी फी मी उभ्या जन्मात कुणाकडून घेतली नाही.

आणि त्या बासष्टांचं केलं काय?
आठवतंय. क्लासखाली गाडीतच बसून राहिलो होतो,
हीटर चालू ठेवून,
रेडिओवरची सळयांची जाहिरात संपेपर्यंत.

तरी गेलोच भांडायला.
खिडकीपलीकडे राठौर. उठून उभाच राहिला.
"वैशंपायन सर! मैं, दो हज़ार बारा की बैच।"
वेग-काळ-अंतरात दोनदा नापास झालो होतो,
हेही त्यानंच सांगितलं, हसत.
चहा मागवला. स्क्रीन माझ्याकडे वळवली.
"फोटो बड़ा कर दूँ, सर?"

नंबर प्लेट स्वच्छ. माझा मफलर.
आणि डावीकडे, अगदी कडेला,
दोन बॅरिकेडांच्या मध्ये बांधलेली लुगड्याची झोळी,
माझ्या गाडीच्या वाऱ्यानं शिडासारखी फुगलेली.
चौकटीच्या काठावरून आत आलेला एक हात,
चांदीचं जाड कडं, कोपरापर्यंत सिमेंट,
झोळीची दोरी मुठीत आवळून धरलेला.
बाकी बाई चौकटीबाहेर.
कॅमेऱ्याला तिच्याशी काही काम नव्हतं.

ते लुगडं मी रोज पाहायचो.
मला वाटायचं, सिमेंटच्या पोत्यांवर टाकलंय काहीतरी.

राठौरनं फॉर्म पुढे सरकवला. "आपत्ति लिखनी है ना, सर?
बोर्ड पुराना है, लिख दीजिए। हो जाएगा।"
चहा आला होता. त्यावर साय धरेपर्यंत
मी 'कारण' या रकान्याकडे बघत राहिलो.
मग विचारलं, पैसे कुठं भरायचे?
तो जरासा हिरमुसला. गुरुदक्षिणा हुकली बिचाऱ्याची.

वैजयंतीला इतकंच सांगितलं, भरले.

आता काम पुढं सरकलंय, चोइथरामच्या अंगाला कुठंतरी.
झोळीही गेली असेल त्याच्याबरोबर,
त्यातलं पोर एव्हाना रांगतही असेल वाळूत.
पाटी मात्र न्यायची विसरले.
खड्डा बुजला, डांबर नवंकोरं, लोणी नुसतं,
आणि त्यावरून मी वीसनं जातो, दुसऱ्या गिअरमध्ये,
मागं हॉर्नची वरात घेऊन.

परवा एक पोरगा बाइक अगदी काचेशी आणून ओरडला,
"ओ अंकल, सो गए क्या?"

नाही रे, म्हणालो मी, काच न उतरवता.
एकशे चार. एकशे पाच.