साडेएक्याण्णव अंश

मे महिना. मानेवाड्यात तिसऱ्या मजल्यावरची खोली,
बाहेर सेहेचाळीस, आत कूलरची घरघर,
आणि भिंतीच्या पायथ्याशी मी,
गुडघ्याखाली उशी, हातात गुण्या.

एकतीस वर्षं फळ्यापाशी उभा राहून म्हणालो,
काटकोन म्हणजे खोलीचा कोपरा, तो पाहा समोर.
पोरं मान वळवून पाहायची.
उठून मोजला नाही एकानेही.
मीही नाही.

आज मोजला. साडेएक्याण्णव.
पलंगामागचा अठ्ठ्याऐंशी.
गवंड्याला शेवटची बस गाठायची असेल,
प्लास्टरचा तो शेवटचा हात
कोपऱ्यात जाडच बसतो.

जुनी पट्टी उधईने खाल्ली, रंग तेवढा शाबूत ठेवून;
बोट लावलं तर भुसा.
नवी आणली लकडगंजातून, सागाची,
साडेतीन इंच उंच, माथ्याला गोलाई.
सुतार सोमवारी येतो म्हणाला.
त्याला तीन सोमवार झाले.

मग पिवळा प्लास्टिकचा साचा घेतला, पंचेचाळीसची खाच असलेला,
आणि पाइप कापायची करवत, घरात होती म्हणून.
साडेएक्याण्णवचे निम्मे पावणेसेहेचाळीस.
तेवढ्या पाऊण अंशाला साच्यात जागा नाही.
दोन तोंडं जुळवली, फटीत
दहाचं नाणं उभं शिरलं.

दुकानात दुर्योधन बोरकुटे. दहावी ब, मागचा बाक.
मी त्याला भूमितीत अकरा दिले होते.
तो विसरला असावा. मी नाही.
"मशीन भाड्यानं नेता का सर? सहाशे रोज."
म्हटलं, खाली बाळंतीण आहे.
"मग आतल्या कोपऱ्यात पंचेचाळीस मारताच काहून?
एक पट्टी सरळ भिंतीला भिडवा, तोंड चौकोनी.
दुसरीच्या तोंडावर पहिलीचा आकार काढा, अन् तेवढाच कोरा.
भिंत कितीची आहे हे मग कोणी विचारून नाही राहिलं."

त्याने दिली ती करवत म्हणजे वाकवलेली कमान,
तिच्यात तारेएवढं पातं.
"दात मुठीकडे ठेवा. ओढताना कापू द्या.
अन् मागून जरा जास्त खा, समोरची कडा तेवढी टेकली पाहिजे."

घरी सुमेधा बाजूला बसून पट्टी धरते.
एक सरळ जाते, दुसरी तिचा आकार घेते, मी म्हणालो.
"याचा लगेच संसार करू नका," ती म्हणाली,
"आणि कूलर बंद करा, लाकूड फुगतं."

कूलर बंद. घाम नाकावरून पेन्सिलच्या रेघेवर.
पहिला तुकडा वाया. दुसऱ्याची गोलाई तुटली.
तिसऱ्याला कानस लावली, पॉलिश पेपर लावला,
फुंकर मारली, टेकवला.
नाणं शिरेना.
नख लावून पाहिलं. नखही नाही.

स्वयंपाकघराच्या खांबाचा कोपरा बाहेरचा,
तिथे कोरून भागत नाही, तिरपं कापावंच लागतं.
दोन तुकडे जमिनीवर, एकेका भिंतीला लावून,
खांबापुढे काढलेले; कडांच्या रेघा एकमेकींना छेदतात.
खांबाचं टोक नि बाहेरचा छेद जोडला
की तीच कापायची रेघ. कोनमापकाला हात न लावता
कोन दुभागला गेला.
हे मी शिकवलं होतं. वहीत.
दुर्योधनने सिमेंटच्या फरशीवर खडूने दाखवलं,
गिऱ्हाईक थांबलेलं असताना.

अकरा गुणांचं काय करायचं, ते अजून कळलं नाही.

पलंगामागे लांबी भरली थोडी, खोटं कशाला सांगू.
दाराशी एक बारीक फट मात्र तशीच सोडली,
जुलैत पट्टी तिच्यात सरकेल.

आणि शेवटचा खिळा मारण्याआधी
पट्टीमागे झाकल्या जाणाऱ्या भिंतीवर
पेन्सिलने लिहिलं: अठ्ठ्याऐंशी. काटकोन धरू नये.
खाली तारीख.
सही करणार होतो,
पण सुमेधा हातोडी घेऊन उभी होती.