अत्यावश्यक

काल पगारवाढ मागितली तेव्हा
आमच्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.
आज सकाळी रेडिओवर हुकूम :
सेरोवेचे सगळे सरकारी नोकर अत्यावश्यक.
संपावर गेलात तर कायमचे घरी.

गुरांना लस टोचणारा मोलेफी हसला,
"बायकोला कळवा रे कुणीतरी,
मी अत्यावश्यक आहे."

मोरुलाच्या झाडाखाली सभा.
हात वर करून मोजणी नको, ओनालेन्ना म्हणाली,
साहेबांना हातसुद्धा ओळखू येतात.

मग मी गोदाम उघडलं.
पाच वर्षांतून एकदा बाहेर निघणारी मतपेटी;
कुलपाला तेल मीच घालते.
आत एक वाळलेली पाल,
आणि तळाला चिकटलेली
मागच्या निवडणुकीतली
न मोजलेली एक मतपत्रिका.

पेटी पुसून झाडाखाली नेली.

मतपत्रिका अजून खिशातच आहे.
उलगडली नाही.
मत गुप्त असतं.