मापांची वही

सदरच्या दुकानात वडिलांच्या हाताखाली मी काजं करायचो,
तेव्हा पहिल्यांदा आले ते. एकोणीसशे सोळा, वैशाख.
नुकते डॉक्टर झालेले लेफ्टनंट पिंपळखुटे,
कॉलरीतून जानव्याचा दोरा डोकावत होता.
छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, बाही साडेतेवीस,
वडील सांगत गेले, मी वहीत लिहीत गेलो.
"जरा सैल ठेवा," ते म्हणाले, "तिकडे अंग भरेल."
बसरा कुठे आहे, हे त्या दुकानात
कुणालाच नीट ठाऊक नव्हतं.

अंग भरलं नाही.
एकोणीसच्या दिवाळीत तोच कोट घेऊन आले,
खांद्यावर तीन तारे, छाती बत्तीस.
अस्तर उसवलं तर शिवणीतून वाळू गळाली,
बारीक, पिठासारखी. वडिलांनी झाडू मागितला.
"राहू द्या," कॅप्टनसाहेब म्हणाले,
आणि उकिडवे बसून चिमटीचिमटीनं
कागदाच्या पुडीत भरू लागले ती,
दवाखान्यात औषध बांधतात तशी.

मग ताऱ्यांच्या जागी मुकुट आला.
कोहाट, पुणे, पुन्हा कोहाट,
सुटीत मात्र नागपूर, अन् नागपुरात आमचं दुकान.
वडील गेले, टेप माझ्या गळ्यात आली.
गोऱ्या साहेबांच्या पंगतीला बसायचं म्हणून
एक मेसचं जाकीट शिवून घेतलं त्यांनी, उंची कापडाचं.
दोनदा घातलं. तिसऱ्यांदा माझ्याकडेच परत आणून ठेवलं.
शिंप्यानं एवढंच विचारायचं असतं:
"इथं आवळतंय का?"
"आवळतंय," ते म्हणाले. "तुझी चूक नाही त्यात."

बेचाळिसात माझा नत्थू
पलटणीचा शिंपी म्हणून भरती झाला.
स्टेशनावर त्याला सुयांची पुडी दिली, सात नंबरच्या,
आणि एक कात्री, वडिलांची.
एम्प्रेस मिलचा भोंगा झाला, त्यातच गाडीची शिट्टी मिसळली,
तो खिडकीतून काहीतरी ओरडला ते ऐकूच आलं नाही.
आसामातून एक कार्ड आलं:
बाबा, इथं दोरा कुजतो.
पुढं काही आलं नाही.

पंचेचाळीसच्या थंडीत साहेब आले.
कर्नल. मुकुटाखाली दोन तारे.
कंबर छत्तीस, डावा खांदा पाव इंच खाली उतरलेला.
पाठीमागून टेप लावली, म्हणून बोलता आलं,
"सायेब, माहा पोट्टा दिसला काय कुठं?"

रस्त्यावरून एक टांगा गेला. त्याचा आवाज पार संपेस्तोवर
ते गप्प होते.
"तुझं पत्र मिळालं होतं, काशिनाथ.
चार इस्पितळं होती माझ्याकडे, याद्या माझ्या सहीनं जायच्या.
नत्थू, नाथू, नथमल, जेवढे होते तेवढे काढून पाहिले.
तीन बिछान्यांपाशी स्वतः गेलो. तुझा कुणी नव्हता.
आणि काहींना तर नावंच नव्हती.
त्यांची उंची, छाती मी लिहून आणलीय.
तुझ्या वहीत त्याचं माप असेल ना?"

तीस वर्षांची वही. त्यात कलेक्टर कचेरीचे चपराशी,
मिशनचे पाद्री, बॅन्डवाले, संत्र्यांचे दलाल,
एका सर्कशीतला बुटका माणूससुद्धा.
घरच्या पोराचं माप कोण लिहितं?
मापाला उभं राहा असं कधी म्हटलंच नाही त्याला.
कापड पसरायचं, तो अंगणात खेळताना एकदा बघायचं,
आणि कात्री घालायची.

साहेबांनी खिशातला कागद परत खिशात ठेवला.
हात आडवे करून उभे राहिले.
मी पहिल्यापासून मापं घेतली,
मघाचे आकडे विसरलो होतो.

पुढं बटणांवरचा मुकुट जाऊन सिंह आले,
ती बदलून द्यायला ते आले नाहीत. निवृत्त झाले होते.
पण दर चैत्रात येतात, सिव्हिल लाइन्समधून चालत, उन्हाआधी.
शिवायचं काही नसतं.
"घे," म्हणतात, आणि हात आडवे करतात.
कंबर उतरतेय, बाही लांब पडत चाललीय.
मी लिहितो.
वाढवून लिहीत नाही.