खाण्यास योग्य

भोसरीत, टी-ब्लॉकच्या शेवटच्या शेडमध्ये
मी एकवीस वर्षं वास बनवते.
कधीच झाडाला न लागलेला हापूस.
कुणी न खुडलेलं केशर.
लोण्याचा चमचाभर अर्क, अख्ख्या घाण्याला पुरणारा.
बसमध्ये शेजारची बाई हमखास विचारते,
काकू, पिशवीत आंबे आहेत का?
पिशवीत रिकामा डबा असतो. आंबे माझ्या केसांत.

वाघचौरे आला तो गुरुवार, म्हणजे लाइट नव्हती.
कस्टर्ड, लोणी, दालचिनी, दहा-दहा लिटर.
तेलातलं नको मॅडम, ग्लिसरीनमध्ये विरघळलं पाहिजे.
मी विचारलं, बेकरी कुठेय तुमची?
तो हसला. खिशात पेनासारखं काही होतं, पेन नव्हतं.
"अहो, सर्टिफिकेट आहे ना तुमचं? खाण्यास योग्य!"

आहे. खाली माझीच सही आहे.

पण खाणं म्हणजे जीभ, लाळ, आम्ल, यकृत :
चार नाके, चारी ठिकाणी झडती.
श्वासाला नाका नाही.
तो चपला न काढता थेट माजघरात शिरतो.
लोण्याचं आमच्यातलं नाव डायअसिटिल.
बिस्किटात गुणी पोर.
लाह्यांच्या कारखान्यात मात्र वर्षानुवर्षं ते हुंगणारी माणसं
जिन्याच्या पाचव्या पायरीवर थांबायला लागली,
आणि मग थांबलीच.
ग्लिसरीनचंही तसंच. गोड, गरीब, खोकल्याच्या औषधातलं.
लालबुंद तारेवर टाका, त्याचं काय होतं
ते फोडणी करपवलेल्या कुणालाही विचारा.
ठसका लागतो, डोळे झोंबतात,
आपण खिडकी उघडतो.
छातीत कुठली उघडायची?

एवढं सगळं मी त्याला म्हणाले नाही.
म्हणाले, माल नाहीये.
तो गेला. पंखा अजून बंदच होता.

दीड महिन्यानं, शिवाजीनगरच्या बसमध्ये,
मागच्या बाकावर एक पोरगं, शर्टाच्या कॉलरमध्ये तोंड घालून.
वास आला.
माझ्या कस्टर्डमध्ये जायफळाची एक चोरटी छटा असते.
पुस्तकात नाही ती. रेहानानं एकदा चुकीची बाटली उचलली,
घाणा बिघडला, आणि बिघडलेला घाणाच गिऱ्हाइकांना आवडला.
ती छटा दुसऱ्या कुणाकडे नाही.
म्हणजे कुठल्यातरी बेकरीच्या नावानं
कॅन माझ्याच शेडमधून गेला होता.
बिलावर सहीसुद्धा माझीच असणार.

"काकू, कस्टर्ड का हो पिशवीत?" शेजारीण म्हणाली.
दोन-तीन माना वळल्या, माझ्याकडेच.
मागे पोरगं खोकलं. बारीकसं.
कंडक्टर पुढे गेला, सुट्टे मागत.

मी पिशवी उघडून दाखवली.
रिकामा डबा.
नाही हो, म्हणाले,
आणि उठून मागच्या बाकाकडे निघाले,
काय बोलायचं ते अजून
जुळलं नव्हतं.