माग थांबवून

रेणीचा निरोप आला की मी माग बंद करतो.
शेडमधले बाकीचे अकरा चालूच असतात,
म्हणून फोन कानाला दाबून
मागच्या मोरीपाशी जाऊन उभा राहतो.

"बाबा, ऐकूलालास काय?
इथं रस्त्यावर पावाचं कपाट आहे.
नाणं टाकलं की पाव पडतो.
विकायला कुणी बसलेलं नाही.
मी तरी थोडा वेळ थांबले,
उरलेले सुट्टे द्यायला कुणीतरी येईल म्हणून."

मग चार दिवस काही नाही.
नर्सचं काम, रात्रपाळी, वर भाषेचा क्लास.
घसा खाकरल्यासारखी भाषा आहे म्हणाली,
पहिले दोन दिवस शेजारीण पाणी आणून देत होती.

"कुकर लावला, बाबा. तिसऱ्या शिट्टीला
वरची म्हातारी काखेत मांजर घेऊन खाली आली,
आग लागली म्हणून.
आमटी दाखवली तिला.
सकाळी दाराला चिठ्ठी,
वास फार चांगला होता, शिट्टी मात्र नको.
आता मी डाळ भिजत घालते,
आणि भांड्यात शिजेपर्यंत झोपते."

कस्तुरीला हे ऐकवलं.
ती म्हणाली, शिट्टीशिवाय कळतं कसं
शेजारी जेवायला बसलेत ते?

पाटीचा निरोप मी तीनदा ऐकला.
"गावाच्या वेशीवर पाटी आहे, दोन भाषांत.
खालच्या नावावर कुणीतरी काळा रंग फवारलाय.
बाबा, मी मुद्दाम बसमधून उतरले.
हात लावून बघितला, वाळलेला होता.
इथं आल्यापासून पहिल्यांदा
घरी आल्यासारखं वाटलं बघ."

मी मोठ्यानं हसलो.
बसलिंगप्पानं मान वळवून बघितलं,
तेव्हा काय सांगावं कळेना.
एकवीस वर्षं आम्ही शेजारच्या मागावर.
कचेरीतला कन्नड अर्ज तो मला वाचून दाखवतो,
त्याच्या सुनेच्या माहेरची लग्नपत्रिका मी त्याला.
एक नोव्हेंबरला तो गळ्यात तांबडा-पिवळा रुमाल घालून निघतो,
मी दंडाला काळी फीत बांधून.
रस्ता एकच, म्हणून वेळ वेगळी ठेवतो.
दोन तारखेला त्याच्या डब्यातली शेंगाचटणी
न विचारता माझ्या भाकरीवर येते.

शेवटी सांगितलंच त्याला.
तो म्हणाला, तिथंबी? आणि
तुटलेला धागा गाठायला वाकला.

"नोंदणीच्या ऑफिसात गेले होते.
पाठ केलेलं वाक्य बोलले,
ते निघालं दुसऱ्याच भाषेतलं, म्हातारीनं शिकवलेलं.
बाई रागावली नाही.
काचेवर चिकटवलेल्या कागदाकडं
नुसतं बोट केलं.
बाबा, ते बोट मी ओळखलं."

यावर मला काही बोलता आलं नाही.
जेवलीस काय, एवढंच पाठवलं.

काल म्हणाली,
"रात्री दहालासुद्धा ऊन आहे, आणि आवाज कसलाच नाही.
रविवारी तर खुर्ची ओढायलाही भीती वाटते.
झोप येत नाही.
मागाचा आवाज पाठवतोस काय, दोन मिनिटं?"

लहानपणी हीच उशी कानावर दाबून
अभ्यास होत नाही म्हणून रडायची.

फोन बॉबिनच्या टोपलीवर ठेवला, बटण दाबलं.
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं,
निळी साडी, बुट्ट्यांचा काठ,
चाळीस सेकंद सगळं नीट चाललं
आणि लाईट गेली.
बारा माग एका दमात गप्प.
गल्लीतलेही.
बसलिंगप्पा अंधारात म्हणाला, "करंट होतु."
मी बटण सोडलं नाही.
दोन मिनिटं म्हणाली होती ना ती.
कुणीतरी तंबाखू मळली, कुठंतरी कुत्रं,
कस्तुरी मेणबत्ती शोधत काहीतरी पुटपुटली.
सगळं तसंच पाठवून दिलं.

पहाटे उत्तर आलं होतं, एवढंच:
"करंट आला काय?"