हॉकोनचा कोट

मी वीस प्रश्न लिहून आणले होते.
पहिला : हे काम तुम्ही का निवडलंत?
होडीतून उतरताच ओडबियोर्गने
माझ्या लाल जाकिटाकडे पाहिलं
आणि खुंटीवरचा राखाडी कोट काढून दिला.
मासळीचा, धुराचा, न पाहिलेल्या माणसाचा वास.
"आयडर बसल्यात अंड्यांवर," ती पुटपुटली,
"नवं माणूस त्यांना चालत नाही.
हॉकोनचा कोट त्यांच्या ओळखीचा आहे."

नॉर्वेचा किनारा मागे कुठेतरी,
पुढे नुसता समुद्र,
मध्ये हे बेट, बाळंतिणीच्या खोलीसारखं.
कुत्रा पलीकडच्या बेटावर धाडलेला.
हातोडा कपाटात.
दोरीवर कपडे वाळत नाहीत, कारण कपडे फडफडतात.
पालथ्या होडीखाली, दगडांच्या फटीत,
लाकडी खोक्यांत वाळलेल्या समुद्रगवतावर
करड्या माद्या बसलेल्या,
स्वतःच्याच छातीची पिसं उपटून अंथरलेल्या.
सव्वीस दिवस उपाशी.
नर केव्हाच निघून गेलेले,
काळे-पांढरे, ऐटबाज.

सुन्निवा अंडं पाण्याच्या भांड्यात सोडते,
किती तरंगतं त्यावरून दिवस सांगते.
बारा वर्षांपूर्वी इथे एकशे ऐंशी घरटी, यंदा एकोणतीस.
मिंक, गरुड, तापत चाललेलं पाणी,
की आणखी काही : तिला ठाऊक नाही,
आणि "ठाऊक नाही" हे ती सांभाळून म्हणते,
अंडं परत ठेवावं तसं.
आशेबद्दलचा माझा सातवा प्रश्न
मी विचारला नाही.

स्टाइनार एके काळी एकटा कयाक वल्हवत
सबंध किनारा फिरला होता, वर्तमानपत्रांत फोटो.
आता पाखरांची खोकी दुरुस्त करतो,
खिळे न ठोकता, दोरीने, खुंट्यांनी.
वादळात भीती नाही वाटली?
"वादळात हात चालत असतात.
भीती परतल्यावर वाटली. दुकानात.
दुधाच्या अकरा तऱ्हा मांडलेल्या,
आणि मला एकही उचलता येईना."
मग त्याने खोक्यात हात घालून दाखवलं,
वारा नेमका कुठून शिरतो ते.

रात्र होतच नव्हती.
स्वयंपाकघरात दुपारसारख्या उजेडात
ओडबियोर्गनेच मला विचारलं :
"तुमच्या भाषेत हिला काय म्हणतात?"
आमच्याकडे ही येत नाही.
"येत नाही म्हणून नावच नाही?"
"बदक," म्हणाले शेवटी, ओशाळून.
केवढा भोंगळ शब्द :
तळ्यातलं, बागेतलं,
न्हाणीघरातलं पिवळं प्लास्टिकचंसुद्धा.
"बा-दाक," ती म्हणाली. जिभेवर घोळवलं.
दुसऱ्या दिवशी पालथ्या होडीपाशी
गुडघे टेकून वाकली
आणि आतल्या अंधाराला म्हणाली, "बा-दाक."
आतून एक डोळा अर्धा उघडला.
मादी उठली नाही.
रेकॉर्डरवर नुसता वारा आहे, तासन्‌तास,
आणि मध्येच हे एवढं,
चुकीच्या उच्चारात.

पिल्लं पाण्यात उतरली त्या सकाळी
आम्ही रिकाम्या घरट्यांतली पिसं गोळा केली.
तारांच्या चौकटीवर ती झाडताना
गवत, काड्या, टरफलाचे कपचे गळत राहिले.
तळहातावरचं उरलेलं इतकं हलकं
की मी दोनदा खाली पाहिलं, आहे ना म्हणून.
ओडबियोर्ग आता मोठ्याने बोलत होती.
"निवडलं कुठे? लग्न होऊन आले,
तर एक मादी आमच्या उंबऱ्याला टेकून बसलेली.
मग सव्वीस दिवस आम्ही दोघं
खिडकीतून ये-जा केली.
सासूसुद्धा."

होडी सुटायच्या आधी तिने हात पुढे केला.
मी तो धरायला गेले.
"कोट," ती म्हणाली.
"पुढच्या माणसाला लागेल."