ढील

गोळीबार चौकात मागांची खटखट थांबली
त्याच खोलीत डोमाजी पराते
आता कूलरच्या मोटारी भरतो.

नवतपा. बाहेर सत्तेचाळीस.
निमजेबाईंची मोटार तिसऱ्यांदा परत आली.
जळका वास नाही, वार्निश साफ,
मीटरचा काटा मात्र हलत नाही.

भिंग लावून मी शोधते.
तार तुटलीय, केसाएवढी,
कॉइलच्या तोंडाशी,
जिथं मीच ती ओढून
घट्ट, देखणी बसवली होती.

"दिवसा तापते, फुगते.
राती गार पडते, आखडते.
तुह्या तारेले हलाले जागाच कुठी ठेवली वं पोरी?"

ताण्यातला तुटका धागा
न बघता सांधणारी ती बोटं
छत्तीस नंबरची तार उचलतात,
टर्मिनलच्या अलीकडे
एक सैल वळण सोडतात.
त्यावर मऊ स्लीव्ह.
वार्निशचा ब्रश तिथं येऊन थांबतो.

"बेढब दिसते," मी म्हणते.
"दिसू दे."

जानेवारी. पारा आठावर.
निमजेबाईंचा कूलर गच्चीवर, ताडपत्रीखाली.
पहाटे जाग येते
आणि उगाच वाटतं,
ते वळण आता
किती आखडलं असेल,
किती उरलं असेल.